तिसरीचा गणिताचा गृहपाठ गेमवर : तारे भरपूर, वजाबाकी मात्र येत नाही

जुळे_सोलापूरची_आई

नमस्कार मंडळी. माझा मुलगा तिसरीत आहे. यंदा जूनपासून त्याच्या शाळेने गणिताचा रोजचा गृहपाठ वहीऐवजी कॉम्प्युटरवरच्या एका गेममध्ये द्यायला सुरुवात केली. रोज वीस मिनिटं खेळायचं, तारे मिळवायचे. कोणाला किती तारे मिळाले ते बाईंना त्यांच्या स्क्रीनवर दिसतं. मला बरंच वाटलं होतं. अभ्यासाला बस म्हणून ओरडावं लागत नव्हतं, संध्याकाळी स्वतःहून लॅपटॉप उघडायचा. दीड महिन्यात वजाबाकीचे सगळे टप्पे संपवले म्हणून शाळेतून कौतुकाचा मेसेजसुद्धा आला.

परवा भाजी घेताना बत्तीस रुपये झाले, मी पन्नासची नोट दिली आणि सहज विचारलं, "मावशी किती परत देतील रे?" तो गप्प. घरी आल्यावर पाटीवर ४३ − १८ घातलं. उत्तर आलं ३५. मग ६१ − २४ घातलं. उत्तर ४३. आणि दोन्ही वेळा अगदी आत्मविश्वासाने.

त्या रात्री पहिल्यांदाच मी शेजारी बसून तो गेम पाहिला. प्रश्न येतो, खाली चार उत्तरं येतात. चुकीचं दाबलं की ते पुसट होतं आणि पुढचं दाबता येतं. त्याच्या डोक्यातलं ३५ त्या चारांत नसतंच, मग तो एकेक दाबत जातो. शेवटी बरोबर उत्तर लागलं की फुगे उडतात आणि तारा मिळतो. दीड महिना हेच चाललं होतं आणि मी स्वयंपाकघरातून फुग्यांचा आवाज ऐकून खूश होत होते.

गेम बंद करा म्हणून शाळेत भांडायला जायचं नाहीये. बाई मनापासून करतात, पन्नास मुलांच्या वह्या रोज तपासणं किती अवघड आहे तेही समजतं. पण काय मागावं, काय बदलावं ते कळत नाही. तुमच्याकडे कसं चाललंय?

---

पाटीपेन्सिल

ताई, मी जिल्हा परिषद शाळेत शिकवतो, एकोणीस वर्षं झाली. तुमच्या मुलाने दोन्ही गणितांत एकच गोष्ट केली आहे. ३ मधून ८ जात नाहीत, म्हणून त्याने ८ मधून ३ काढले, राहिले ५. मग ४ मधून १ काढला, राहिले ३. झाले ३५. दुसऱ्यात ४ मधून १ काढून ३, ६ मधून २ काढून ४, म्हणून ४३. तो निष्काळजी नाही. त्याच्याकडे नियम आहे, "मोठ्यातून लहान काढायचं", आणि तो नियम तो प्रामाणिकपणे पाळतोय. दशक सुटा करायचा असतो हे त्याच्या हाताला अजून कळलेलं नाही, एवढंच.

गंमत वाटेल, पण शिक्षणातल्या कॉम्प्युटर खेळांच्या अगदी सुरुवातीच्या काळात यावरच एक खेळ झाला होता. १९७८ साली अमेरिकेत जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या दोघांनी 'बगी' नावाचा प्रोग्रॅम मांडला. त्यात कॉम्प्युटर चुकणाऱ्या विद्यार्थ्याचं सोंग घ्यायचा, गणितं एका ठरावीक पद्धतीने चुकवायचा आणि त्याच्या डोक्यात कोणता चुकीचा नियम बसलाय ते शिक्षकांनी शोधायचं. म्हणजे तिथे खेळायचे ते शिक्षक! मुलांच्या बऱ्याच चुकांमागे नियम असतो, हे त्यातून शिक्षकांच्या लक्षात यायचं. तुमच्या मुलाची चूक त्यांच्या यादीतल्या सगळ्यात ओळखीच्या चुकांपैकी एक.

म्हणून माझं म्हणणं असं की गृहपाठ गेमवर असायला हरकत नाही, पण ३५ हे उत्तर बाईंपर्यंत पोचलं पाहिजे. तुमच्या गेममध्ये तारा पोचतो आणि ३५ वाटेतच हरवतं.

आमच्या शाळेत तीन जुने कॉम्प्युटर आहेत, कोणीतरी दिलेले. त्यावर जीकाँप्री टाकलंय. २००० साली फ्रान्समध्ये सुरू झालेला, आता केडीई या संस्थेकडे असलेला मोफत संच. दोन ते दहा वर्षांच्या मुलांसाठी शंभराहून जास्त खेळ आहेत. जाहिरात नाही, एकदा टाकला की नेटची गरज नाही. एका कॉम्प्युटरवर दोन मुलं बसवतो. एकाने बटण दाबायचं, दुसऱ्याने ते का दाबायचं हे आधी सांगायचं. दर पाच गणितांनी जागा बदलायची. वर्गात आवाज खूप होतो, पण दोघांपैकी कोण अंदाजाने दाबतंय ते मला मागून ऐकूनच कळतं.

---

कडकभाकरी

आमचा अनुभव थोडा वेगळा आहे. मुलगी दुसरीत, मराठी वाचन फार अडखळत होती. गूगलचं रीड अलाँग मोबाइलवर घेतलं. मूल मोठ्याने वाचतं, ते ऐकतं, अडलेल्या शब्दावर बोट ठेवलं की तो शब्द वाचून दाखवतं. तारे तिथेही आहेत. पण तिथे अंदाजाने दाबायला काही नाही, तोंड उघडावंच लागतं. चार महिन्यांत फरक पडला. आता नव्या पेठेत गेलो की दुकानांच्या पाट्या वाचत चालते, त्यामुळे एरवी दहा मिनिटांच्या रस्त्याला अर्धा तास लागतो. मला तो अर्धा तास फार आवडतो.

---

पूर्वभाग

पाटीपेन्सिल सरांचं पटलं. त्यात आपल्या सोलापूरची एक गोष्ट घालतो.

आमच्या घरी तेलुगू. आजी मोजते "इरवै ओकटि, इरवै रेंडु", म्हणजे वीस एक, वीस दोन. शेजारी कन्नड घर आहे, तिथे "इप्पत्तोंदु, इप्पत्तेरडु", तोच क्रम. लिहितानाही आधी २ आणि मग १. शाळेत मराठीत मात्र एकवीस, बावीस. एक आधी, वीस मागून. त्यावर कळस म्हणजे एकोणतीस! माझ्या पोरीला 'एक' ऐकू यायचा, 'तीस' ऐकू यायचा, ती ३१ लिहायची. लै मार खाल्ला असता आमच्या काळात.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "वीस एक, वीस दोन" असं वाचन दिलं होतं. केवढा वाद झाला, विधानसभेत विषय निघाला. मीही तेव्हा भाषा बिघडवालेत म्हणून चिडलो होतो. आता पोरीला बघून वाटतं, आमच्या गल्लीतल्या पोरांसाठी ती पायरी मोलाची होती. एकोणतीस शिकायचंच, ते सुंदर आहे, पण वीस नऊवर उभं राहून शिकायचं.

आता गेमचं. तिच्या शाळेने दिलेल्या गेममध्ये आकडा नुसता ऐकवतात, मग गणित करायचं. रिपोर्ट आला, "वजाबाकीत मागे". घरी कागदावर आकडे लिहून दिले तर दहापैकी नऊ बरोबर. पोरगी वजाबाकीत मागे नव्हतीच, एकोणपन्नास ऐकून ५१ धरत होती! मशीनने कान तपासला आणि शेरा गणितावर मारला. शाळेत जाऊन सांगितलं, सेटिंग बघितली, तर आकडा ऐकवायचाही आणि दाखवायचाही अशी सोय होती, फक्त बंद होती. सुरू केली. पंधरा दिवसांत रिपोर्ट बदलला.

सांगायचं एवढंच की सोलापुरात एका वर्गात तीन-चार मातृभाषांची पोरं बसतात. रिपोर्ट आला की आधी मुलाला प्रश्न समजला का ते विचारा.

---

निवृत्त_बाई

मी नगरपालिकेच्या आणि पुढे महापालिकेच्या शाळेत तेहतीस वर्षं पहिली ते चौथी शिकवलं. मला तुमच्या सगळ्यांच्या आधीचा प्रश्न पडतो. एवढ्या लहान मुलांना रोज गृहपाठ हवा कशाला?

केंद्राचं २०२० चं दप्तर धोरण आहे. त्यात दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको हे सगळ्यांना माहीत आहे, पण गृहपाठाचंही लिहिलंय. दुसरीपर्यंत गृहपाठ नको. तिसरी ते पाचवी, आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. आठवड्याला, रोज नव्हे! ताई, तुमच्याकडे रोज वीस मिनिटं म्हणजे सहा दिवसांचे दोन तास झाले. एका विषयाच्या गेममध्येच आठवड्याचा सगळा कोटा संपला. मराठी, इंग्रजी, परिसर अभ्यास यांचं काय ते वर.

त्या धोरणात लहान मुलांनी वर्गात येऊन आपली संध्याकाळ कशी गेली, काय खेळलो, काय खाल्लं ते सांगावं असं सुचवलंय. मी हे धोरण येण्याच्या कितीतरी आधीपासून करत असे. गड्ड्याच्या यात्रेनंतरचा आठवडा तर पुस्तक उघडतच नसे. पाळण्याचं तिकीट किती, घरातले किती जण बसले, किती पैसे झाले, शंभरातले किती उरले. मुलं एकमेकांचा हिशेब खोडून काढत. चिंचोके आणि आइस्क्रीमच्या काड्या यावर मी दशक सुटा करायला शिकवलं. दहा काड्यांच्या जुडीचं रबर मुलाने स्वतः काढलं की ती गोष्ट हाताला कळते. स्क्रीनवर जुडी आपोआप सुटते, आणि आपोआप सुटलेलं मुलाचं होत नाही, असं माझं मत आहे. तुमच्या मुलाला आठ दिवस काड्या द्या, गेमला हातसुद्धा लावू नका.

---

कुंभारी_घरकुल

हे सगळं वाचतेय. लिहू की नको असं झालं होतं, पण लिहिते.

आम्ही कुंभारीच्या विडी घरकुलात राहतो. घरात एकच स्मार्टफोन, तो मालक अक्कलकोट रोडला कारखान्यावर नेतात. रात्री आठ-साडेआठला परत येतात. दोन मुलं, एक चौथीत, एक दुसरीत. दोघांचा गृहपाठ फोनवर. जेवण होईपर्यंत नऊ वाजतात, धाकटी डोळे चोळत बसते. पाणी यायचा दिवस असला की सगळं घर पाण्याच्या मागे, मग तेही नाही. दिवसाचा डेटा संपला की गोल फिरत राहतं.

शाळेने दर शनिवारी ताऱ्यांची यादी ग्रुपवर टाकायला सुरुवात केली. माझी मोठी सगळ्यात खाली. तिला गणित येत नाही म्हणून नाही, फोन मिळत नाही म्हणून. दोन शनिवार ती रडली, तिसऱ्या शनिवारी म्हणाली मला शाळेत जायचं नाही. मी विड्या वळते, दिवसाला हजार वळायच्या असतात. पंचवीस-पंचवीसची बंडलं करायला ती मला मदत करते. हजार विड्यांची चाळीस बंडलं हे तिने स्वतः शोधलं, अठ्ठावीस झाली की अजून बारा राहिली, म्हणजे तीनशे विड्या, हे ती तोंडी सांगते. तिला कोणी एक तारा दिला नाही.

मी गेमच्या विरोधात नाही. तिलाही खेळायला आवडतं. पण यादी लावायची असेल तर कोणाच्या घरी किती फोन आहेत तेही शेजारी लिहा.

---

पाटीपेन्सिल

कुंभारीच्या ताई, लिहिलंत ते फार बरं केलंत. यादी ग्रुपवर टाकणं ताबडतोब थांबलं पाहिजे. एकट्याने बोलायला अवघड वाटत असेल तर शाळा व्यवस्थापन समितीत पालक सदस्य असतात, त्यांच्यामार्फत विषय मांडा, आणि फोन नसलेल्या मुलांना शाळेतच शेवटचा तास मिळावा हे लेखी मागा. अठ्ठावीस बंडलांवरून तीनशे विड्यांवर येणारी चौथीतली मुलगी मला माझ्या वर्गात हवी आहे.

---

ताणाबाणा

मी मूळ अशोक चौकातला, आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. मुलांसाठीच्या गणिताच्या एका गेमवर दोन वर्षं काम केलंय, म्हणून आतली बाजू सांगतो.

पहिलं, चार पर्यायांचं. चार पर्याय ठेवायला सोपे, तपासायला सोपे, म्हणून सगळे ठेवतात. पण चुकल्यावर एकेक पर्याय पुसट होत जाणार असेल तर चौथ्या दाबेपर्यंत प्रत्येक मूल बरोबर येणारच. तिथे तारा देणं म्हणजे हजेरी लावल्यासारखं आहे. आणि चुकीचे पर्याय बहुतेक वेळा मशीन कसेही काढतं, २४, २६, ६१. ते मुलांच्या खऱ्या चुकांवरून काढायला हवेत. ४३ − १८ खाली ३५ असायलाच पाहिजे! मुलाने ३५ दाबलं की गेमला कळतं, दशक सुटा करायचं राहिलंय, आणि त्याला तिथे नेता येतं. आमच्या टीममध्ये यासाठी मी आठ महिने भांडलो, कारण प्रत्येक गणितामागे एका अनुभवी शिक्षकाला बसवावं लागतं आणि तो खर्च कोणाला नको असतो.

पालकांनी गेम निवडताना मुलासमोर बसून मुद्दाम चुकीचं उत्तर द्यावं. मग बघावं पुढे काय होतं. नुसता टूं आवाज येतो, की कुठे चुकलं ते गेम दाखवतो? पाच मिनिटांत गेमची लायकी कळते. उत्तर दाबण्याऐवजी लिहावं लागत असेल तर जास्त चांगलं. टक्स मॅथ नावाचा जुना मोफत खेळ आहे, वरून गणितं पडत येतात, उत्तर टाइप करायचं. अंदाजाला जागाच नाही. पण त्यात वेळेचं दडपण आहे, म्हणून पाढे पक्के झालेल्या मुलांनाच द्यावा. कच्च्या मुलाला पडणारी गणितं दाखवली की ते गणितालाच घाबरतं.

मोफत म्हणून मिळणाऱ्या मोबाइल गेममधल्या जाहिराती आणि मुलाचं नाव, वय, फोटो मागणारे फॉर्म यांबाबत कडक राहा. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती आणि मुलांवर रोखलेल्या जाहिरातींना मनाई, दोन्ही आहे. शाळेला विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आता बाईंच्या काड्यांबद्दल. बाई, मी तुमच्याच बाजूचा आहे, आणि तरी कॉम्प्युटरचाही आहे. माझे आजोबा चादरीच्या कारखान्यात जॅकार्डवर होते. पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ मागावर फिरायची. जिथे भोक तिथे सुई आत जाते आणि उभा धागा उचलला जातो, जिथे भोक नाही तिथे धागा खालीच. भोक आहे किंवा नाही, एवढ्या दोनच गोष्टींतून मोर, कमळ सगळं उमटायचं. जोसेफ मारी जॅकार्डने १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये हे यंत्र केलं, आणि पुढे चार्ल्स बॅबेजने आपल्या गणन यंत्राच्या आराखड्यात हीच कार्डांची कल्पना घेतली. मी कॉलेजात हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता. ज्या गोष्टीसाठी आम्ही पुण्या-मुंबईला गेलो तिचं मूळ आमच्या परसात खडखडत होतं.

म्हणून मी भाचीला गृहपाठ दिला, फोनशिवाय. चौकटीच्या वहीचं पान. काळा चौकोन म्हणजे १, पांढरा म्हणजे ०. तिने दहा ओळींचं फूल काढलं, मग एकेक ओळ आकड्यांत लिहिली आणि कागद मैत्रिणीला दिला. मैत्रिणीने फूल न बघता ते उमटवायचं. सातव्या ओळीत पाकळी तुटली. दोघी अर्धा तास चूक शोधत बसल्या, आणि चूक आकड्यांत नव्हती, मोजण्यात होती. कुंभारीच्या ताई, याला डेटा लागत नाही.

---

चष्मा

मी डोळे तपासणीचं काम करते, फक्त दोन ओळी. पाच ते दहा वयाच्या मुलांचा दिवसाचा एकूण स्क्रीन दोन तासांच्या आत ठेवा असं भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. गृहपाठ, कार्टून, सगळं धरून. आणि दिवसाउजेडी मैदानात घालवलेला वेळ चष्मा लागण्यापासून वाचवायला मदत करतो. रात्री नऊनंतर अंधाऱ्या खोलीत फोनवर गणित, हे कृपा करून नको.

---

जुळे_सोलापूरची_आई

तीन आठवड्यांनी येतेय, उशिराबद्दल माफी.

बाईंचं ऐकलं. आठ दिवस लॅपटॉप कपाटात. पन्नास काड्या, पाच जुड्या. ४३ मांडायला सांगितलं, चार जुड्या आणि तीन काड्या. "आता अठरा दे मला." त्याने तीन काड्या दिल्या, मग हात थांबला. माझ्याकडे बघितलं. मी काहीच बोलले नाही, फार अवघड गेलं. मग त्याने एका जुडीचं रबर काढलं. रबर हातात धरून म्हणाला, "आई, म्हणजे चारचा तीन होतो!" पुढची दोन गणितं त्याने मला शिकवली.

मग वर्गाच्या बाईंना भेटले. त्यांच्या स्क्रीनवर खरंच फक्त तारे दिसत होते. ३५ बद्दल सांगितल्यावर त्यांनी दुसऱ्याच दिवशी सगळ्या वर्गाला कागदावर तेच गणित घातलं. बऱ्याच मुलांचं उत्तर ३५ आलं. आता गेम आठवड्यातून दोनदा, वीस-वीस मिनिटं, आणि खेळून झाल्यावर त्यातलं एक अडलेलं गणित वहीत काढायचं, कुठे अडलो ते शब्दांत लिहायचं. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांनी घरातल्या कुठल्याही हिशेबातलं एक गणित आणायचं. पहिल्या दिवशी एका मुलाने वडिलांच्या रिक्षाच्या पासिंगचा हिशेब आणला, तो म्हणे सगळ्यात जास्त वेळ चालला.

माझा मुलगा आता गेममध्ये मुद्दाम चुकीचं दाबून बघतो आणि "हा सांगतच नाही कुठे चुकलं" म्हणून तक्रार करतो.

---

कुंभारी_घरकुल

आमच्याकडे यादी बंद झाली. समितीतल्या दोन बाया माझ्याबरोबर आल्या होत्या. शेवटच्या तासाचं बघतो म्हणालेत.

ताणाबाणा दादा, मोठीने चौकटीच्या वहीत चादरीवरचा मोर काढलाय, एकवीस ओळींचा. आकडे लिहून धाकटीला दिले. मान नीट आली, पिसाऱ्यात घोळ झालाय. आता दोघी मिळून शोधतायत.

---

ताणाबाणा

एकवीस ओळी! ताई, येत्या रविवारी मी सोलापुरात आहे. आजोबांच्या पेटीत जॅकार्डची दहा-बारा जुनी कार्डं अजून आहेत, सुतळीने ओवलेली. घेऊन येतो. दोघींना ती प्रकाशासमोर धरून बघू द्या. जमलं तर त्या मोराची एक ओळ आपण पुठ्ठ्यावर भोकं पाडून करू.

---

पाटीपेन्सिल

दादा, सोमवारी सुट्टी काढता आली तर ती कार्डं माझ्या शाळेतही आणा. एसटी स्टँडवर मी घ्यायला येतो.